चिली आणि अर्जेंटिना: दोन देशांच्या राष्ट्रीय बचतीची वर्षानुवर्षांची तुलना नेमकी कशी करायची

दोन देशांची बचत तुलना करायची म्हटलं की बहुतेकजण काय करतात, वर्ल्ड बँकेच्या साइटवर जातात, दोन देश सिलेक्ट करतात, ग्राफ आला की वरची रेष कोणाची ते बघतात आणि "हा देश जास्त बचत करतो" असं लिहून मोकळे होतात. चिली आणि अर्जेंटिनाच्या बाबतीत असं केलं तर हमखास फसाल. २००२ साली अर्जेंटिनाचा बचतदर चांगला वर गेलेला दिसतो, आणि त्याच वर्षी तिथली अर्थव्यवस्था जवळपास ११ टक्क्यांनी आकसली होती, बँका बंद, लोक भांडी वाजवत रस्त्यावर. मग ती बचत कसली? हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने ग्राफ काढला काय आणि नाही काढला काय. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय, ज्यांना प्रोजेक्ट करायचाय, एमएचा पेपर लिहायचाय किंवा नुसतंच आकड्यांत रस आहे अशा सगळ्यांसाठी.

हीच जोडी का घेतली ते आधी सांगतो. अँडीज पर्वताच्या दोन बाजूंचे शेजारी, दोघंही जमिनीतून निघणारं विकून जगणारे (चिलीचं तांबं, अर्जेंटिनाचं सोयाबीन आणि धान्य), दोघांनीही एकेकाळी पेन्शन खासगी कंपन्यांकडे दिलं, दोघांनीही डॉलरला चलन बांधून बघितलं आणि दोघांचाही तो प्रयोग फुटला. म्हणजे सुरुवातीचं साहित्य बरंचसं सारखं, आणि वाटा मात्र वेगळ्या झाल्या. तुलनेसाठी याच्यापेक्षा चांगली जोडी दक्षिण अमेरिकेत शोधून सापडणार नाही असं माझं मत आहे.

पहिलं काम: कोणती बचत मोजताय ते ठरवा

इथे दोन आकडे आहेत आणि लोक ते सर्रास मिसळतात. एक सकल देशांतर्गत बचत, म्हणजे जीडीपीतून घरांचा आणि सरकारचा उपभोग वजा केला की जे उरतं ते. दुसरी सकल राष्ट्रीय बचत. हिच्यात जीडीपीमध्ये आधी परदेशातून आलेलं आणि परदेशात गेलेलं उत्पन्न (नफा, व्याज, पगार) धरायचं, वर परदेशातून आलेली-गेलेली निव्वळ देणी म्हणजे लोकांनी घरी पाठवलेले पैसे वगैरे धरायचे, आणि मग उपभोग वजा करायचा.

एक साधं उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा देशाचा जीडीपी १०० आहे, उपभोग ७५. देशांतर्गत बचत झाली २५. आता परदेशी खाण कंपन्यांनी ५ नफा बाहेर नेला आणि बाहेरून १ आला. मग राष्ट्रीय उत्पन्न ९६, त्यातून ७५ गेले, राष्ट्रीय बचत २१. आता त्या देशात गुंतवणूक २४ झाली असेल तर ३ कमी पडले ना, ते ३ बाहेरून आणावे लागले, हीच चालू खात्याची तूट (चालू खातं म्हणजे बँकेतलं नव्हे, देशाचा परदेशाशी होणाऱ्या व्यापाराचा, उत्पन्नाचा आणि देण्यांचा हिशोब). हे गणित नीट डोक्यात बसवा कारण पुढे सगळा खेळ याच्यावर आहे: बचत वजा गुंतवणूक बरोबर चालू खातं.

हा ४ चा फरक चिलीसाठी फार महत्त्वाचा आहे. जगातली सगळ्यात मोठी तांब्याची खाण एस्कोन्दिदा चिलीत आहे, पण ती चालवते बीएचपी आणि दुसरा मोठा वाटा रिओ टिंटोचा, दोन्ही परदेशी कंपन्या. तांब्याचा भाव वाढला की चिलीचा जीडीपी फुगतो, देशांतर्गत बचत छान दिसते, पण त्यातला मोठा नफा परदेशी मालकांचा असतो, म्हणून राष्ट्रीय बचत तेवढी वाढत नाही. अर्जेंटिनातही दोन आकड्यांत फरक पडतो, पण तिथे परदेशी कर्जावरच्या व्याजाचा वाटा मोठा. आपल्याकडे बरोबर उलटं असतं, भारतात आखातातून अमेरिकेतून लोक पैसे पाठवतात म्हणून परदेशातून येणारी देणी आपल्या खर्चायोग्य उत्पन्नात भर घालतात. म्हणून भारतावरून आलेला अंदाज चिलीला लावू नका.

तर ठरलं, आपण राष्ट्रीय बचत घेतोय, पण देशांतर्गत बचतीचा कॉलम शेजारी ठेवतोय, कारण दोघांतलं अंतर हीच एक माहिती आहे.

दुसरं काम: डेटा कुठून आणायचा

दोन मुख्य ठिकाणं. वर्ल्ड बँकेच्या वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्समध्ये सकल बचत जीडीपीच्या टक्क्यात मिळते, तिचा कोड एनवाय.जीएनएस.आयसीटीआर.झेडएस, आणि देशांतर्गत बचतीचा कोड एनवाय.जीडीएस.टीओटीएल.झेडएस. सर्च बॉक्समध्ये हे कोड इंग्रजीत टाका, नावाने शोधलं तर चार-पाच सारखे दिसणारे इंडिकेटर समोर येतात आणि गोंधळ होतो, त्यातला एक जीडीपीऐवजी जीएनआयच्या (सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या) टक्क्यात असतो, एक घसारा आणि खनिजांची झीज वजा करून "समायोजित" केलेला असतो. ते सगळे आपापल्या जागी उपयोगी आहेत पण मिसळायचे नाहीत.

दुसरं ठिकाण आयएमएफचा (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा) वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक डेटाबेस. वर्षातून दोनदा येतो, एप्रिल आणि ऑक्टोबर, आणि १९८० पासूनचे आकडे असतात. त्यात राष्ट्रीय बचत, एकूण गुंतवणूक आणि चालू खातं हे तिन्ही जीडीपीच्या टक्क्यात मिळतात, म्हणून सुरुवात इथूनच करा असं मी सांगेन. एक काळजी घ्या, या डेटाबेसमध्ये पुढच्या पाच वर्षांचे अंदाजही त्याच ओळीत बसवलेले असतात. कोणत्या वर्षापासून अंदाज सुरू होतो ते एका वेगळ्या कॉलममध्ये दिलेलं असतं, तो कॉलम डिलीट करायचा नाही, आणि अंदाजाची वर्षं ग्राफवर तुटक रेषेत दाखवायची किंवा सरळ काढूनच टाकायची. मी काढूनच टाकतो. अर्जेंटिनाच्या बाबतीत पाच वर्षांपुढचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांचं नातं फारसं नसतं.

तिसरं, देशांचे स्वतःचे आकडे. चिलीत राष्ट्रीय लेखे, म्हणजे देशाच्या उत्पन्न-खर्चाचा हिशोब, तिथली सेंट्रल बँक बनवते, अर्जेंटिनात इंडेक नावाची सरकारी सांख्यिकी संस्था. दोन्हीकडच्या एक्सेल फाइल्स फुकट मिळतात पण स्पॅनिशमध्ये, आणि एक बारीक गोष्ट अशी की तिथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजाराला टिंब. आपल्या कॉम्प्युटरवर अशी फाइल सीएसव्ही म्हणून उघडली तर १.२३४,५ हा आकडा एकतर टेक्स्ट म्हणून बसतो किंवा भलताच काहीतरी होतो. इम्पोर्ट करताना लोकेल स्पेन किंवा चिली असं सेट करा आणि पहिल्या पाच-दहा ओळी डोळ्यांनी तपासा.

मग शीटचं स्वरूप. वर्ल्ड बँक वर्षं आडवी देते, तुम्ही ट्रान्सपोज करून उभी करा. एका ओळीत एक वर्ष, आणि प्रत्येक देशासाठी चार कॉलम: राष्ट्रीय बचत, देशांतर्गत बचत, गुंतवणूक, चालू खातं. शेवटी एक कॉलम तांब्याच्या भावाचा आणि एक सोयाबीनचा, हे दोन्ही वर्ल्ड बँकेच्या वस्तूंच्या किमतीच्या मासिक तक्त्यात, ज्याला पिंक शीट म्हणतात, मिळतात. तांब्याच्या कॉलमचं महत्त्व कळायचं असेल तर एवढंच बघा, २००३ मध्ये टनाला सरासरी १,८०० डॉलरच्या आसपास असलेलं तांबं २००६ मध्ये सुमारे ६,७०० वर गेलं. तीन वर्षांत! हे शेजारी नसेल तर चिलीची रेष का उडी मारतेय ते कधीच कळणार नाही.

डॉलर नको, टक्केवारी घ्या

बचत अब्ज डॉलरमध्ये तुलना करायचा मोह होतो, तो टाळा. अर्जेंटिनाचं अधिकृत डॉलर रेट हे प्रकरणच वेगळं आहे. ऑक्टोबर २०११ ते डिसेंबर २०१५ आणि परत सप्टेंबर २०१९ पासून तिथे डॉलर खरेदीवर निर्बंध होते, लोक त्याला "सेपो" म्हणतात, आणि त्या काळात रस्त्यावरचा डॉलर, ज्याला "ब्लू" डॉलर म्हणतात, अधिकृत भावापेक्षा कितीतरी महाग असायचा. डिसेंबर २०२३ मध्ये नवीन सरकारने अधिकृत भाव एका फटक्यात सुमारे ३६६ पेसोवरून ८०० वर नेला. म्हणजे डॉलरमधली बचत एका रात्रीत निम्म्याखाली आली, आणि लोकांच्या वागण्यात त्या रात्री काहीच बदललं नव्हतं. टक्केवारीत वरती पण पेसो खालती पण पेसो, म्हणून हा घोळ बराचसा कटतो.

बराचसा म्हणतोय, पूर्ण नाही. २०२३ मध्ये अर्जेंटिनात डिसेंबर ते डिसेंबर महागाई २११ टक्के होती. अशा वर्षात जानेवारीचा पेसो आणि नोव्हेंबरचा पेसो एकाच बेरजेत घालणं हेच मुळात अवघड, आणि गोदामातल्या मालाची किंमत नुसती महागाईने फुगली तरी ती साठ्यातली वाढ म्हणून गुंतवणुकीत आणि तिथून बचतीत डोकावू शकते. त्यामुळे १९८९, १९९० (१९८९ ची महागाई ३,००० टक्क्यांच्या वर) आणि २०२३ या वर्षांच्या दशांशावर भांडू नका. या वर्षांना शीटमध्ये पिवळा रंग द्या आणि पुढे चला.

आकडे तपासायची एक युक्ती

आता जे सांगतो ते बहुतेक गाइडमध्ये नसतं आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक नवीन कॉलम बनवा: बचत वजा गुंतवणूक वजा चालू खातं. तत्त्वतः हे शून्य यायला पाहिजे.

तीन शक्यता आहेत. पहिली, दरवर्षी अगदी शून्य किंवा शून्याला चिकटून येतं. आनंद होतो, पण थांबा, याचा अर्थ बहुधा असा की कोणीही बचत स्वतंत्रपणे मोजलेलीच नाही, गुंतवणूक आणि चालू खातं यांची बेरीज करून तिला बचत म्हटलंय. ही पद्धत चुकीची नाही, जगभर चालते, पण मग "बचत वाढल्यामुळे गुंतवणूक वाढली" असलं वाक्य तुम्ही त्या आकड्यांवरून लिहू शकत नाही, कारण एक आकडा दुसऱ्यातूनच काढलाय. रिग्रेशन चालवून बचत आणि गुंतवणुकीचं नातं दाखवणाऱ्यांनी तर ही तपासणी केल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

दुसरी शक्यता, थोडाफार फरक येतो, अर्धा एक टक्का, हे नॉर्मल आहे. आयएमएफच्या तक्त्यात चालू खातं डॉलरमधल्या जीडीपीच्या टक्क्यात असतं आणि बचत देशी चलनातल्या, सरासरी विनिमय दराने थोडं इकडेतिकडे होणारच. तिसरी, एखाद्या वर्षापासून फरक अचानक मोठा होतो आणि तसाच राहतो. तिथे मालिका तुटलीय. अर्जेंटिनात हे शोधायचं ठिकाण म्हणजे जुन्या १९९३ आधार वर्षाची (ज्या वर्षाच्या किमती धरून हिशोब करतात ते वर्ष) मालिका आणि २००४ आधार वर्षाची नवी मालिका यांचा सांधा. नवी मालिका २०१४ मध्ये आली आणि २०१६ मध्ये पुन्हा सुधारली गेली. मधल्या काळाची पार्श्वभूमी सगळ्यांना माहिती आहे, जानेवारी २००७ मध्ये सरकारने इंडेकमध्ये हस्तक्षेप केला, महागाईचे आकडे अविश्वासार्ह झाले, फेब्रुवारी २०१३ मध्ये आयएमएफने अर्जेंटिनावर अधिकृत ठपका ठेवला आणि तो नोव्हेंबर २०१६ मध्ये उठवला. म्हणून जुनी फाइल आणि नवी फाइल एकाखाली एक पेस्ट करून सलग रेष काढू नका. दोन्ही मालिका ज्या वर्षांत एकत्र आहेत ती वर्षं शेजारी ठेवून फरक किती आहे ते बघा, आणि ग्राफवर सांध्याच्या जागी उभी रेघ मारा.

चिली इथे साधा आहे. तरीसुद्धा मालिका बदलली की इतिहास बदलतो हे तिथेही दिसतं, १९८२ च्या मंदीत अर्थव्यवस्था किती घसरली याचं उत्तर कोणती मालिका घेता त्यावर ११ पासून १४ टक्क्यांपर्यंत काहीही येतं.

कालखंड पाडा, सरासरीच्या मागे लागू नका

दहा दहा वर्षांची सरासरी काढणं सोपं असतं, पण २००१ आणि २००२ एकाच सरासरीत टाकले की अर्जेंटिनाची सगळी गोष्टच पुसली जाते. त्याऐवजी घटनांप्रमाणे तुकडे पाडा. माझे तुकडे असे असतात: १९८० ते ८३, १९८४ ते ९०, १९९१ ते २००१, २००२ आणि २००३ वेगळे, २००४ ते २००८, २००९ ते २०१५, २०१६ ते २०१९, आणि २०२० नंतर. दोन्ही देशांना हेच तुकडे लावायचे, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे असं केलं की तुलना गेली.

पहिला तुकडा चिलीचा धडा आहे. जून १९७९ पासून पेसो डॉलरला ३९ ला बांधला होता, परदेशी बँका कर्ज द्यायला रांगेत उभ्या होत्या, खासगी क्षेत्राने ते उचललं. १९८१ मध्ये चालू खात्याची तूट जीडीपीच्या १४ टक्क्यांच्या आसपास गेली. गुंतवणूक बघाल तर वाटेल देश जोरात चाललाय, पण ती दुसऱ्याच्या बचतीवर चालली होती, स्वतःची बचत पार तळाला. जून १९८२ मध्ये ३९ चा बांधलेला भाव सोडावा लागला आणि जानेवारी १९८३ मध्ये सरकारला बँका ताब्यात घ्याव्या लागल्या.

त्यानंतरची चिलीची चढण सगळ्यात जास्त चर्चेत असते. लोक लगेच म्हणतात पेन्शनमुळे. १९८१ मध्ये चिलीने पेन्शन खासगी फंडांकडे, एएफपीकडे दिलं, त्यात सामील झालेल्या नोकरदाराच्या पगारातले १० टक्के त्याच्या स्वतःच्या खात्यात. पण राष्ट्रीय बचतीच्या हिशोबात हे इतकं सरळ नाही. तरुणांचे पैसे फंडात जायला लागले तेव्हा जुन्या पेन्शनरांना पेन्शन सरकारलाच द्यावी लागत होती, म्हणजे घरांची बचत वाढली तशी सरकारची तूटही तयार झाली, आणि सरकारने दुसरीकडचा खर्च आवरून ती भरली म्हणून एकूण आकडा वाढला. शिवाय १९८४ च्या करसुधारणेत कंपन्यांनी नफा वाटून न टाकता कंपनीतच ठेवला तर कर कमी लागेल अशी व्यवस्था झाली, त्याने कंपन्यांची बचत वाढली. आणि अर्थव्यवस्था वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास वाढत असेल तर बचत आपोआपही वाढते, उत्पन्न पुढे पळतं आणि उपभोग मागून येतो. यातला कोणता वाटा किती हे नुसत्या राष्ट्रीय बचतीच्या रेषेवरून सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे क्षेत्रनिहाय आकडे मागा.

अर्जेंटिनाने १९९४ मध्ये तसंच पेन्शन आणलं, एएफजेपी. त्याच काळात, एप्रिल १९९१ पासून, चलन कायद्याने डॉलरला बांधलेलं होतं, आणि १९९२ मध्ये नवा पेसो आल्यावर एक पेसो बरोबर एक डॉलर. बचतदर मात्र १५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. तिथेही पेन्शन बदलण्याचा खर्च सरकारच्या अंगावर आला, पण तो दुसरीकडून भरून काढला गेला नाही, कर्ज काढलं गेलं. तीच पेन्शनची कल्पना, एका ठिकाणी सरकारची शिस्त जोडीला होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती, फरक एवढाच.

२००२ आणि २००६ शेजारी ठेवा

आता सुरुवातीचा प्रश्न. शीटमध्ये दोन ओळी काढा: अर्जेंटिना २००२, चिली २००६. दोन्हीकडे बचतदर वर, दोन्हीकडे चालू खातं शिलकीत. नुसता बचतीचा ग्राफ असेल तर दोन्ही "चांगली वर्षं" म्हणून खपून जातील.

आता गुंतवणुकीचा कॉलम बघा. अर्जेंटिनात २००२ मध्ये गुंतवणूक जीडीपीच्या ११-१२ टक्क्यांवर आली होती, आणि चालू खात्याची शिल्लक सुमारे ८ टक्के. बेरीज करा, बचत २० च्या घरात. झालं काय होतं, डिसेंबर २००१ मध्ये "कोरालितो" लागला, लोकांना बँकेतून स्वतःचे पैसे काढता येईनात, सरकारने कर्ज बुडवलं, जानेवारीत एकास एकचा कायदा गेला आणि पेसो कोसळला. आयात जवळपास थांबली, कोणी कारखाना काढेना, बाहेरून कोणी कर्ज देईना. परदेशी पैसा बंद झाला की चालू खातं जबरदस्तीने शिलकीत येतं, त्यावर पर्याय नसतो. सरकारने बुडवलेल्या कर्जावरचं व्याजही देणं थांबवलं होतं. लोकांचं पोट आवळलं गेलं आणि हिशोबात ती बचत झाली.

चिलीत २००६ मध्ये गुंतवणूक व्यवस्थित चालू होती आणि तरी पैसे उरत होते. तांब्याचा भाव वाढलेला, सरकारी खाण कंपनी कोदेल्को आणि खासगी खाणींचा कर यातून तिजोरी भरत होती. २००१ पासून चिलीने नियम केला होता की खर्च आजच्या तांब्याच्या भावावर ठरवायचा नाही, तज्ज्ञ समितीने दिलेल्या लांब पल्ल्याच्या भावावर ठरवायचा. वरचे पैसे बाजूला, त्यासाठी पुढे दोन फंड काढले, एक पेन्शनसाठी २००६ मध्ये आणि एक स्थैर्यासाठी २००७ मध्ये. स्थैर्य फंडात २००८ च्या शेवटी सुमारे २० अब्ज डॉलर होते. तेव्हाचे अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांच्यावर भयंकर टीका व्हायची, लोक म्हणायचे देशात गरिबी आहे आणि हा माणूस पैसे दाबून बसलाय. २००९ मध्ये जगभर मंदी आली, फंड फोडला, वर्षभरात तो ११ अब्जांच्या आसपास आला आणि ते पैसे लोकांपर्यंत गेले. शीटमध्ये २००९ ला चिलीचा सरकारी बचतीचा आकडा खाली येतो, आणि ही घसरण चांगली आहे, कारण बचत ज्यासाठी केली होती त्यासाठीच वापरली गेली.

अर्जेंटिनालाही त्याच वर्षांत चांगला भाव मिळत होता, सोयाबीनचा. तिथे सरकारने निर्यातकर लावला, २००७ मध्ये सोयाबीनवर ३५ टक्क्यांपर्यंत, आणि न्यायाने सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं त्यांच्या सरकारकडेही शिल्लक होती, बचतदर चांगला होता. पण वेगळा फंड नव्हता, नियम नव्हता, आणि शिल्लक हळूहळू सबसिडीत विरली. २००८ मध्ये हाच कर आणखी वाढवायला गेले तेव्हा शेतकऱ्यांनी रस्ते अडवले आणि शेवटी तो प्रस्ताव सिनेटमध्ये पडला.

पैसे कोणाचे, हे विचारा

राष्ट्रीय बचत म्हणजे घरं, कंपन्या आणि सरकार या तिघांची बेरीज. चिलीची सेंट्रल बँक हे वेगवेगळं देते, दर तिमाहीला, म्हणून चिलीसाठी हा तक्ता नक्की घ्या. अर्जेंटिनासाठी निदान सरकारचा प्राथमिक (व्याजाचा खर्च सोडून) आणि एकूण शिलकीचा आकडा शेजारी लावा.

याचा उपयोग दोन घटनांमध्ये होतो. नोव्हेंबर २००८ मध्ये अर्जेंटिनाने खासगी पेन्शन फंड रद्द करून सगळं सरकारकडे घेतलं. बऱ्याच लेखांत याला बचतीची लूट वगैरे म्हटलंय, राजकीय मत काहीही असो, राष्ट्रीय बचतीच्या रेषेवर त्या दिवशी काहीच दिसणार नाही, कारण साठा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. परिणाम नंतर दिसतो, सरकारने ते पैसे कसे वापरले त्यात.

चिलीत २०२० आणि २०२१ मध्ये संसदेने लोकांना पेन्शन खात्यातून १० टक्के काढायची परवानगी दिली, एकदा नाही, तीनदा. सगळे मिळून ५० अब्ज डॉलरच्या आसपास बाहेर आले. इथेही काढणं म्हणजे बचत कमी होणं नव्हे, फंडातून काढून बँकेत ठेवले तर बचत तेवढीच. पण लोकांनी खर्च केले, सरकारी मदतही त्याच वेळी येत होती, २०२१ मध्ये चिलीतला घरगुती उपभोग साधारण २० टक्क्यांनी वाढला. तुमच्या शीटमध्ये हे कसं दिसेल? तांब्याचा भाव २०२१ मध्ये टनाला ९,३०० डॉलर, म्हणजे २००६ पेक्षा जास्त, आणि तरी बचत घसरतेय, चालू खात्याची तूट २०२२ मध्ये जीडीपीच्या ८ टक्क्यांहून जास्त. तांबं महाग असताना चिली तुटीत! २००६ च्या ओळीशेजारी २०२२ ची ओळ ठेवली की साचलेली सवय किती पटकन सुटते ते दिसतं, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण काढणाऱ्यांत कित्येक लोक असे होते की ज्यांच्या खात्यात त्यानंतर काहीच उरलं नाही.

गादीखालचे डॉलर

अर्जेंटिनावर लिहिताना हा मुद्दा येणारच, तिथले लोक पेसोवर विश्वास ठेवत नाहीत, डॉलरच्या नोटा घेऊन घरात किंवा लॉकरमध्ये ठेवतात. इंडेकच्याच अंदाजानुसार अर्जेंटिनाच्या रहिवाशांकडे देशाच्या बँकव्यवस्थेबाहेर २०० अब्ज डॉलरहून जास्त आहेत. मग अर्जेंटिनाची बचत आकड्यात कमी दिसते का? इथे नीट विचार करा.

कोणी पगारातून वाचवून डॉलर घेतले तर ते उत्पन्न उपभोगलं गेलं नाही, म्हणजे ती राष्ट्रीय बचतच आहे आणि मोजली जाते. फरक असा की तिचं रूपांतर देशातल्या कारखान्यात होत नाही, ती परदेशावरच्या दाव्यात बसून राहते, नोट अमेरिकेची आहे ना. म्हणून बचत आणि गुंतवणूक यांच्यातला दुवा तिथे तुटका आहे. पण दुसरा एक रस्ता आहे जिथे बचत खरंच लपते. निर्बंध असताना निर्यातदार बिल कमी दाखवतो, आयातदार जास्त दाखवतो, आणि मधला फरक परदेशी खात्यात ठेवतो. आता निर्यात कमी आणि आयात जास्त नोंदली गेली की चालू खातं खराब दिसतं, आणि बचत जर चालू खात्यातूनच काढली जात असेल (वरची शून्याची तपासणी आठवा) तर बचतही खरीपेक्षा कमी दिसते. अधिकृत आणि ब्लू डॉलरमधला फरक जेवढा मोठा तेवढा हा मोह मोठा. म्हणून अर्जेंटिनासाठी आणखी एक कॉलम करा, दोन डॉलर भावांतला टक्केवारी फरक, आणि ज्या वर्षांत तो जास्त आहे तिथे बचतीचा आकडा किमान अंदाज म्हणून वाचा.

लिहिताना

शेवटी मांडणी. एकाच ग्राफवर आठ रेषा घालू नका. प्रत्येक देशाचा एक ग्राफ, त्यात बचत आणि गुंतवणूक या दोनच रेषा, मधली जागा रंगवायची: बचत वर असेल तर एक रंग, गुंतवणूक वर असेल तर दुसरा. ती रंगवलेली जागाच चालू खातं आहे, वेगळी रेष लागत नाही. दोन्ही ग्राफचा उभा अक्ष सारखाच ठेवा, शून्यापासून ३५ पर्यंत पुरतो, नाहीतर एक्सेल आपल्या मनाने स्केल लावतो आणि दोन टक्क्यांचा चढ डोंगरासारखा दिसतो.

वाक्यं लिहिताना "चिली जास्त बचत करतो" असं न लिहिता कालखंड, अंतर आणि कारण तिन्ही एका वाक्यात येऊ द्या, उदाहरणार्थ "१९९१ ते २००१ या काळात चिलीचा बचतदर अर्जेंटिनापेक्षा सातत्याने वर राहिला आणि या अंतराचा मोठा भाग सरकार आणि कंपन्यांच्या बचतीतून आला" असं, अर्थात तुमचा तक्ता ते दाखवत असेल तरच. आणि फाइलच्या नावात आवृत्ती लिहा, एप्रिलची की ऑक्टोबरची आणि कोणत्या वर्षाची, कारण सहा महिन्यांनी अर्जेंटिनाचे मागचे तीन-चार वर्षांचे आकडे बदललेले असू शकतात आणि मग तुमचा तक्ता आणि साइटवरचा तक्ता जुळणार नाही. जुनी फाइल डिलीट न करता शेजारी ठेवा आणि दोन आवृत्त्यांमधला फरक हाही एक कॉलम करून टाका.